डोक्यावरची पांढरी माती

मला राग लवकर येतो, हे आमच्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. मी नांदेडला भूगर्भशास्त्र शिकवते. पोरं मागून म्हणतात, मॅडमच्या पोटातच लाव्हा आहे. म्हणू देत. पण गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी जो राग आला तो अजून उतरलेला नाही, आणि लिहून काढल्याशिवाय उतरेल असं वाटत नाही.

गोष्ट माझ्या मायची आहे. माय लातूरला थोरल्या भावाकडे राहते. दादाचं घर पक्कं आहे, कॉलम-बीमचं, वर स्लॅब. मायसाठी खालच्या मजल्यावर वेगळी खोली आहे, पलंग आहे, पंखा आहे, रात्री उठावं लागू नये म्हणून संडास खोलीला लागून काढला आहे. आणि माय झोपायची कुठं? मागच्या अंगणात, पत्र्याच्या शेडमध्ये. भूकंपानंतर सरकारनं आम्हाला जे पत्र्याचं शेड दिलं होतं त्याचे पत्रे तिनं सोडले नाहीत. गाव सुटलं, बाप गेला, आम्ही लातूरला आलो, आणि ते गंजके पत्रे ट्रकमध्ये आमच्या मागं आले. त्याच पत्र्यांचं शेड, त्यात एक बाज, एक माठ, आणि ती.

उन्हाळ्यात त्या शेडमध्ये भाकरी भाजावी असा चटका. हिवाळ्यात पत्र्यावरून दव टपकतं. त्याच वर्षी जानेवारीत तिला न्यूमोनिया झाला आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पुढची थंडी या बाई पत्र्याखाली काढणार असतील तर माझ्याकडे आणू नका, मी काही करू शकणार नाही. मी दादाला म्हटलं, उचलून आत आण. दादा म्हणाला, तूच आण, तू लई शिकलेली हायस. तो चुकीचं बोलला नव्हता. त्यानं हात जोडून पाहिले होते, चिडून पाहिलं होतं, एकदा तर शेडला कुलूप लावून पाहिलं. माय रात्रभर अंगणात बाजेशिवाय बसून राहिली होती. सकाळी त्यानंच रडत कुलूप काढलं.

म्हणजे आता थंडीच्या आत तिला घरात आणायचं, एवढं एकच काम माझ्यासमोर होतं. आणलं तर माय राहील, नाही आणलं तर जाईल. इतकं सरळ होतं ते.

भूकंप झाला तेव्हा मी पाचवीत होते. गणपती बोळवून गाव दमून झोपलं होतं. बाप आणि दादा मळ्यात राखणीला गेले होते. मला ताप होता, आत गुदमरतंय म्हणून मी रडून गोंधळ घातला, म्हणून माय मला घेऊन अंगणात निजली. आत आजी आणि आमची धाकटी, छकुली. धाकटीला दव बाधेल म्हणून मायनंच तिला आत ठेवलं होतं, नुकती बोलायला लागली होती ती. पहाटे जमीन हलली आणि आमचं घर बसलं. पडलं नाही, बसलं. दगडमातीच्या भिंती, त्यावर सागवानी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर हातभर मातीचं माळवद, सगळं एकावर एक. धुळीत मायचा आवाज तेवढा ऐकू येत होता. ती हातानं माती उकरत होती. पुढं कितीतरी दिवस तिच्या नखांतली पांढरी माती निघाली नव्हती.

आजी आणि धाकटी दोघी गेल्या. त्यावर घरात पुन्हा कधी बोलणं झालं नाही. गावात घरटी मयत होतं, कोण कुणापाशी रडणार?

मी भूगर्भशास्त्र शिकले ते त्यामुळंच. मला त्या जमिनीला जाब विचारायचा होता. माणसं देवाला विचारतात, मी दगडाला विचारलं, एवढाच फरक. आणि दगडानं बऱ्यापैकी उत्तरं दिली. म्हणून मला खात्री होती की मायला जमीन नीट समजावून सांगितली तर तिची भीती जाईल. वर्षानुवर्षं मी तेच करत आले. लातूरला गेले की कागदावर थर काढायचे, आपलं गाव इथं, दादाचं घर इथं, दोन्हींत एवढं अंतर. माय ऐकून घ्यायची, हाव हाव म्हणायची आणि तिन्हीसांजेला उशी काखेत मारून शेडकडे चालायला लागायची. मला इतका संताप यायचा! पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

अशात आमच्या कॉलेजात तो चष्मा आला. नांदेड-हिंगोलीकडे अलीकडे अधूनमधून हादरे बसतात, जमिनीतून आवाज येतात, लोक मध्येच घराबाहेर येऊन उभे राहतात. त्यावर अभ्यास म्हणून निधी आला आणि त्यातून व्हर्च्युअल रिॲलिटीची लॅब उभी राहिली. माहिती बरीचशी आमची होती. मी आणि माझ्या विद्यार्थ्यांनी अर्धापूरपासून कंधारपर्यंत आणि तिकडे लातूरच्या पार खाली तेरणेपर्यंत बोअर मारणाऱ्या गाड्यांच्या मागं उन्हातान्हात हिंडून, वर येणारी दगडाची भुकटी पिशव्यांत भरली होती. कुठल्या खोलीवर काळा पाषाण, कुठं लाल मातीचा पट्टा, कुठं पाणी. त्यात आधीच्या हादऱ्यांच्या नोंदी घातल्या आणि बाहेरगावच्या एका कंपनीनं त्याचं चित्र केलं.

खरं सांगते, पहिल्यांदा तो चष्मा डोळ्यांवर चढवला तेव्हा मला रडू आलं. आयुष्यभर मी फळ्यावर रंगीत खडूनं थर काढले आणि आता त्याच थरांच्या मध्ये उभी होते. डावीकडे बघावं तर काळ्या पाषाणाचा कडा, खाली बघावं तर लाल पट्टे, आणखी खाली ग्रॅनाइट, आणि झालेला प्रत्येक हादरा लाल गोळा होऊन अधांतरी टांगलेला. हातातल्या रिमोटनं वर जायचं, खाली जायचं, गोळ्याच्या भोवती फिरायचं. थर नुसत्या डोळ्यांना दिसावेत म्हणून उंची कितीतरी पट ताणलेली होती, त्यामुळं वीतभर थरही पुरुषभर दिसायचा. आणि वरची जमीन तर त्यांनी पांढुरकी रंगवली होती. आपल्याकडची माती काळी, खालचा पाषाणही काळा, मग दोन्ही एकमेकांत हरवायला लागले म्हणून हा रंग. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, चालेल. त्यात काय एवढं?

मी त्या लाल गोळ्यांकडे बघत होते. गोळ्यांचा झुबका आमच्या जुन्या गावाखाली होता. लातूर शहराखाली, दादाच्या घराखाली, एकसुद्धा नव्हता. मी मनात म्हटलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला. मायला इथं आणायचं आणि डोळ्यांनी दाखवायचं.

फोनवर सांगितलं तर म्हणाली, "कुठं न्यायलीस?"

"जमिनीच्या पोटात नेते माय. बसल्या जागी."

"जित्तेपणी कशाला गं? मेल्यावर जायचंच हाय."

पण आली. मी गाडी घेऊन लातूरला गेले, तिला आणलं, रात्री माझ्याकडं गॅलरीत झोपवलं. गॅलरीवर वर काही नाही, म्हणून.

इथपर्यंत माझा राग माझ्या ताब्यात होता. सकाळी कॉलेजच्या फाटकात पोचले आणि तळपायाची आग मस्तकात गेली. फाटकावर बॅनर! त्यावर 'भूकंपग्रस्त माता' असं मोठ्या अक्षरांत. लॅबच्या दारात रांगोळी, आत खुर्च्या मांडलेल्या, दोन कॅमेरेवाले. मी प्राचार्यांना फक्त एवढंच विचारलं होतं की सुट्टीच्या दिवशी मायला लॅब दाखवू का. त्यांनी परस्पर उद्घाटन उरकायचं ठरवलं होतं. मी म्हटलं, "सर, हे काय चाललंय?"

"मॅडम, असा योग परत येतो का? बाईट तर घेऊ द्या."

शेजारी कंपनीचे साहेब एक गोल पाट पुसत होते. त्या पाटावर माणसानं उभं राहायचं, बटण दाबलं की पाट थरथरतो आणि कानात गडगडाट होतो. 'भूकंपाचा अनुभव'. पोरांनी आठवडाभर त्यावर चढून खिदळत व्हिडिओ काढले होते. साहेब मला म्हणाले, आजींना आपण सौम्य सेटिंग ठेवू. सौम्य! मी वाकले, त्या पाटाची वायर भिंतीतून आणि पाटातून दोन्हीकडून उपटली, गुंडाळली आणि माझ्या पर्समध्ये कोंबली. म्हटलं, आता ठेवा सेटिंग.

तेव्हाच मायला उचलून परत न्यायला हवं होतं, असं कुणीही म्हणेल. पण थंडी महिन्यावर आली होती. आणि मायच म्हणाली, "एवढ्या लांब आलाव तर बघून घिऊ की."

तिला खुर्चीवर बसवलं. डोक्यावरचा पदर मागं सारून मी स्वतः पट्टा बांधला, दोन्ही हातांत रिमोट दिले. समोरच्या पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं ती काय बघतेय ते. आधी वरून, पाखराला दिसावी तशी जमीन. माय खुश झाली. "ही तेरणा का गं?"

"हाव माय."

"मग आपलं गाव हितं पायजे. गाव कुठंय?"

"गाव नाही दाखवलं. नुसती जमीन हाय."

"घरं न्हाईत?"

"न्हाईत."

मी साहेबांना खूण केली, खाली न्या. ते कॉम्प्युटरवरून हळूच खाली नेऊ लागले. मी मायच्या कानापाशी वाकून सांगत होते, हे बघ माय, हा काळा पाषाण, घाबरू नको, आता लाल गोळे दिसतील, ते मोजायचे आणि मग लातूरखाली जाऊ, तिथं एकबी न्हाई. ती गोळ्यांकडे बघतच नव्हती. मान वर करून बघत होती. पडद्यावर आम्हाला दिसलं, तिच्या डोक्यावर, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, पांढऱ्या मातीचा जाडजूड थर.

तिनं दोन्ही हात वर केले. रिमोट हातातून सुटून मनगटाला लोंबायला लागले. आणि माझी सत्तरी ओलांडलेली माय, खुर्चीत अर्धवट उठून, दोन्ही हातांनी हवा उकरायला लागली. वरून ओढायची, बाजूला टाकायची. वरून ओढायची, बाजूला टाकायची. आवाज नाही, नुसता श्वास. मग एकदाच "छकुले" असं म्हणाली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

हो, टाळ्या! त्यांना वाटलं, म्हातारीला दगड खरे वाटतायत, ती पकडायला बघतेय. कॅमेऱ्यांचा लखलखाट झाला. मी पट्टा सोडवत बसले नाही, तो चष्मा तिच्या डोक्यावरून ओरबाडून काढला, तिचे चार केसही त्यात आले. माय माझ्याकडे बघत होती पण मी तिला दिसत नव्हते. तिचे हात अजून चालूच होते. मी ते हात धरले आणि माझ्या पोटाशी दाबून ठेवले.

प्राचार्य पुढं आले. "जरा इमोशनल झाल्या वाटतं. पण छान, इम्पॅक्ट दिसला!"

मी काय काय बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. पर्समधून वायर काढली, त्यांच्या हातात कोंबली आणि म्हटलं, "घ्या. जोडा. तुम्ही उभे राहा त्या पाटावर आणि मी घर आणून टाकते तुमच्या डोक्यावर, मग बघू इम्पॅक्ट." साहेबांना म्हटलं, तुम्ही थर दाखवलेत, गोळे दाखवलेत, माणसं कुठं ठेवलीत? ते बिचारे म्हणाले, मॅडम, डेटात माणसं नव्हती. तेही खरंच. पिशव्या तर मीच भरल्या होत्या, त्यात दगडच होते. पण मला त्या क्षणी कुणाचंही खरं ऐकायचं नव्हतं. माझा स्वतःवरचा संताप तर सगळ्यांत मोठा. मी हादरा अडवत बसले. पर्समध्ये वायर ठेवली आणि मला वाटलं, झालं, आता मायला काही धोका नाही. म्हणे डॉक्टरेट. डोंबलाची डॉक्टरेट!

मायला घेऊन थेट लातूरच्या रस्त्याला लागले. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, माय खिडकीतून बाहेर बघत राहिली. चाकूरला मी गाडी थांबवली, टपरीवर चहा सांगितला. तिनं चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि विचारलं, "ती माती पांढरी का होती गं?"

मी रंगाचं सांगितलं, काळ्यावर काळं दिसत नाही म्हणून.

"आपली जमीन तर काळी हाय," माय म्हणाली. "पांढरी माती आपण वर टाकतो. माळवदावर."

मला माळवद आठवत होतं. मृगाच्या आधी दरसाल गावातल्या बायका पांढरीची माती टोपल्यांनी वाहून माळवदावर टाकायच्या, पाणी शिंपडून चोपायच्या, म्हणजे पावसाळ्यात घर गळायचं नाही. आम्ही पोरं वर नाचून ती तुडवायचो. जुनी काढायची पद्धत नव्हती, जुन्यावर नवी. माळवद जितकं जाड तितकं घर थंड आणि तितकी घराची इज्जत. सोयरीक जमवायला आलेले पाहुणेसुद्धा मान वर करून माळवद बघायचे.

"त्या साली पाऊस सुरू झाला तरी कोपऱ्यात गळून राहिलं होतं," माय सांगू लागली. "छकुलीची झोळी त्याच कोपऱ्यात. तिच्या अंगावर थेंब पडायचे. तुझा बाप म्हणला, झोळी हलीव. मी म्हणलं, कुठं हलवू, दुसरीकडं जागा कुठंय. मग मीच शिडी लावली. बाकीच्या घराला चार टोपली, तर त्या कोपऱ्याला मी जास्तीची टाकली. वर टाकली आन् वर चोपली. तिच्या डोक्यावर. मग गळायचं थांबलं."

बशीतला चहा तसाच होता.

"लई छान झोपायची मग ती," माय म्हणाली.

मी भूकंपावर किती वाचलं असेल! किती नकाशे काढले असतील! आणि माझी माय जमिनीला कधी भीतच नव्हती. मी तिला इतकी वर्षं जमीन समजावत होते, आणि ती वर बघत होती. पण ते मला कुणी सांगितलं का? मी म्हटलं, "बापाला ठाऊक होतं?"

"सांगितलं होतं म्या. शेडात आल्यावर. त्ये म्हणले, आता बोलून काय उपेग."

मेलेल्या बापाचाही मला राग येऊ शकतो हे मला त्या टपरीवर कळलं. काय उपेग? अरे, 'तुझी चूक न्हाई' एवढं म्हणायला किती कष्ट पडले असते? गावात प्रत्येक घरानं माती टाकली होती. दरसाल, पिढ्यानपिढ्या. मोठमोठे शहाणे गावात येऊन जायचे, कुणी म्हटलं नाही की बायांनो, हे ओझं आहे. मी मायला हे सगळं सांगितलं, जोरजोरात सांगितलं, चहावाला बघायला लागला. म्हटलं, "माती तर मीबी तुडवली होती की. तेवढी माझीबी चूक धर मग."

"तू लेकरू होतीस."

"आणि तू आई होतीस. गळतंय म्हणून टाकलीस ना?"

"हाव," ती म्हणाली. "म्हणून तर."

मी चहाचे पैसे दिले. गाडीत बसताना ती एवढंच म्हणाली की आत निजलं की डोळा लागत नाही, वर बघत राहते, वाटतं हेही आपणच टाकलंय. आणि घरात कुणाला सांगू नको.

ते 'सांगू नको' मी एक रात्र पाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाच्या घरी पेपर आला आणि त्यात मायचा फोटो होता. डोळ्यांवर तो चष्मा, दोन्ही हात वर. खाली लिहिलं होतं, आजींनी लुटला आभासी सफरीचा आनंद. वहिनीनं कौतुकानं मोठ्यांदा वाचून दाखवलं. मी तो पेपर तिच्या हातातून ओढला आणि फाडला.

दादा भडकला. "हा काय तमाशा? तूच नेलतं ना तिला? आता परत शेडातच निजली रात्री. दिवाळी झाली की थंडी हाय!"

वहिनीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्याच. वहिनी कामाची वाघीण आहे, पण तिचं एक ठरलेलं गाऱ्हाणं आहे, ते सणावाराला, भांडणात, पाहुण्यांसमोर, कधीही निघतं. ते निघालं. "आम्ही केलेलं कुणाला दिसत न्हाई. ह्या घराची एक एक वीट मी वाहिली. स्लॅबला दोन टायमाला पाणी मी मारलं, पोटुशी असताना. आत्यांनी एक टोपलं उचललं न्हाई. शिडीला हात लावला न्हाई. सगळ्या लातूरनं बघितलं, सासू खाली बसून बघून राहिली आन् सून वर."

खरं होतं. माय बांधकामाच्या काळात शिडीजवळ फिरकली नव्हती. मजूर बायका हसायच्या. दादालाही ते लागलं होतं. मलाही वाटायचं, माय असं का करते.

आणि मी फुटले. सांगू नको म्हटलेलं सगळं सांगून टाकलं, स्वयंपाकघरात उभी राहून, ओरडून. कोपरा, झोळी, जास्तीची टोपली. "नातवंडांच्या डोक्यावर आपल्या हातचं काही नको म्हणून नाही चढली ती शिडी! आळशी म्हणून नाही! आणि तुम्ही तिला पाहुण्यांसमोर ऐकवता!"

दूध उतू जात होतं. दादा खाली बसला, भिंतीला टेकून, आणि त्यानं तोंडावर हात घेतला. तो धाकटीला खांद्यावर घेऊन गावभर हिंडवायचा.

वहिनीनं गॅस बंद केला. पदराला हात पुसले आणि मागच्या दारानं अंगणात गेली. मला वाटलं, आता ही माझ्या मायला काहीतरी बोलणार, मी मागं धावले. माय शेडच्या दारात बाजेवर बसली होती, तिनं सगळं ऐकलं असणार, माझा आवाज लातूरभर गेला होता. वहिनी तिच्यासमोर फरशीवर बसली.

"आत्या," ती म्हणाली, "ह्या घराचं एक टोपलं तुम्ही उचललं न्हाई."

माय खाली बघत राहिली.

"ऐका माझं. स्लॅबला पाणी मी मारलं. शिडी मी चढले. वाळू मी चाळली. तुम्ही शिडीला हात लावला न्हाई. सगळ्या लातूरनं बघितलंय."

तेच शब्द होते, इतकी वर्षं फेकून मारलेले. आता ती ते मायच्या गुडघ्यावर हात ठेवून एकेक सांगत होती.

"एकबी न्हाई?" मायनं विचारलं.

"एकबी न्हाई आत्या. वर तुमच्या हातचं काहीच न्हाई."

माय बाजेवरून उठली. मग तिनं उशी उचलली, काखेत मारली आणि वहिनीच्या मागं मागं आत गेली. दिवसाढवळ्या, डोक्यावर ऊन असताना. मी दारात उभी राहिले. आत पाऊल टाकलं असतं तर मी काहीतरी बोलले असते, आणि मी बोललेलं तिच्या कामाचं कधी ठरलं होतं?

ती पलंगावर आडवी झाली आणि वर बघायला लागली. पांढरा चुना दिलेला स्लॅब, मध्ये पंखा. तिची नजर चारी कोपऱ्यांत फिरली, एका कोपऱ्यात थांबली.

"गळत तर न्हाई ना गं कुठं?" तिनं वहिनीला विचारलं.

"थेंबभर न्हाई, आत्या."

"मग वर काही टाकू नगा," माय म्हणाली आणि कुशीवर वळली.